लेझर शोचं सॉफ्टवेअर दुसऱ्या लॅपटॉपवर चालवायला नवीन लायसन्स लागतं का?

तुमच्याकडे एफबी४ बॉक्स (लॅपटॉपवरून लेझर प्रोजेक्टरला हुकूम देणारा कंट्रोलर) आणि क्विकशो हे लेझर शोचं सॉफ्टवेअर आहे, गणपतीआधी दुसरा लॅपटॉप बॅकअपला तयार ठेवायचाय, आणि विक्रेता म्हणतो दुसरं लायसन्स घ्या. घेऊ नका. पँगोलिन कंपनीच्या क्विकशोचं लायसन्स लॅपटॉपमध्ये नसतं, ते बॉक्सशी बांधलेलं असतं. सॉफ्टवेअर हव्या तितक्या लॅपटॉपवर टाका. ज्याला बॉक्स जोडाल, त्याच्यावरून लेझर चालेल. बॉक्स न जोडताही घरी बसून क्यू, म्हणजे बटण दाबल्यावर चालणारे लेझरचे इफेक्ट, बनवता येतात, फक्त किरण बाहेर पडत नाही.

काही सॉफ्टवेअर मात्र थेट कॉम्प्युटरलाच कुलूप लावतात. मदरबोर्ड किंवा डिस्कच्या नंबरवरून एक कोड तयार होतो आणि लायसन्स त्या कोडला मिळतं. मी पूर्वी असंच एक वापरायचो. लॅपटॉप बिघडला म्हणून लॅमिंग्टन रोडला नेऊन मदरबोर्ड बदलून घेतला, विंडोज सुरू झालं, मी खूश. ठाण्याच्या एका लॉनवर शनिवारी रात्री रिसेप्शन होतं. तिथे सॉफ्टवेअर उघडलं तर पुन्हा लायसन्स मागायला लागलं, कारण त्याच्या लेखी हा नवाच कॉम्प्युटर होता. कंपनीला मेल केला, उत्तर आलं सोमवारी. तो सगळा शो प्रोजेक्टरच्या आतल्या ऑटो मोडवर काढला आणि नवरीच्या वडिलांना पैसे कमी करून दिले. असं सॉफ्टवेअर असेल तर जुना लॅपटॉप चालू आहे तोवरच त्यावरचं लायसन्स डीअ‍ॅक्टिव्हेट करून मोकळं करून घ्या. फॉरमॅट करायचं ते त्यानंतर.

आता तुम्ही न विचारलेली, पण मला जास्त काळजीची वाटते ती गोष्ट. लायसन्स बॉक्ससोबत येतं, पण प्रोजेक्शन झोन, म्हणजे किरण कुठून कुठपर्यंत फिरायचा याची मापं, जुन्या लॅपटॉपवरच राहतात. परळच्या एका हॉलमध्ये मी नव्या लॅपटॉपवरून पहिला क्यू दाबला तेव्हा जुन्या मापात छताखाली राहणारी हिरवी रेघ सरळ बाल्कनीच्या पहिल्या रांगेवर, खुर्च्यांच्या पाठीवर येऊन थांबली. बसल्यावर माणसाचे डोळे जिथे येतात, बरोबर तिथे. दुपारची वेळ होती, खुर्च्या रिकाम्या होत्या. म्हणून नव्या लॅपटॉपवर पहिल्यांदा सुरू करताना पॉवर अगदी कमी ठेवा, समोर कुणाला उभं करू नका, इमर्जन्सी स्टॉपवर हात असू द्या आणि टेस्ट पॅटर्न लावून झोन नव्याने आखा. जुने आकडे फोटो काढून आणले तरी डोळ्यांनी तपासा. मिरवणुकीत तर लोक किरणाच्या अगदी जवळून जातात.

बॉक्स दिसतच नसेल तर बहुतेक वेळा लायसन्सचा नाही, नेटवर्कचा घोळ असतो. लॅपटॉपचं वायफाय बंद करा, विंडोज फायरवॉलमध्ये क्विकशोला परवानगी द्या आणि दोघांचे आयपी एकाच मालिकेतले आहेत का बघा. लॅपटॉप १९२.१६८ वर आणि बॉक्स १६९.२५४ वर असेल तर दोघांची गाठ पडायची नाही. जुना एफबी३ असता तर तो यूएसबीवर चालतो, तिथे विंडोजची यूएसबी पॉवर सेव्हिंग बंद करावी लागते, नाहीतर चालू शोमध्ये संपर्क तुटू शकतो.

आणि विक्रेता लायसन्सचे म्हणून जे पैसे मागतोय, ते बाजूला टाका. लॅपटॉप दोन झाले तरी बॉक्स एकच आहे. तो गेला तर दोन्ही लॅपटॉप नुसते बघत बसतील. प्रोजेक्टरच्या मागे २५ पिनांचं इल्डा पोर्ट (बाहेरून कंट्रोलर जोडायची जागा) असेल तर त्या पैशांत थोडी भर घालून पुढेमागे एक बाहेरचा बॉक्स घ्या. त्याचं लायसन्स त्याच्यासोबतच येईल.