समेट कोणी कोणाशी करायचा?

प्रश्न : आमच्या वाचनालयातील महिला अभ्यासमंडळात बोस्नियातील सर्ब, मुस्लिम आणि क्रोएट यांच्यात १९९२ ते १९९५ मध्ये झालेल्या युद्धावर चर्चा झाली. स्त्रियांवरील लैंगिक अत्याचार तेथे युद्धाचे शस्त्र म्हणून वापरले गेले, असे वाचनात आले. शेवटी एक ज्येष्ठ सभासद म्हणाल्या, ‘तीस वर्षे उलटली. झाले गेले गंगेला मिळाले, असे म्हणून त्या लोकांनी आता एकत्र नांदायला नको का?’ मला उत्तर सुचले नाही. अशा गुन्ह्यानंतर समेट शक्य असतो का? आणि गुन्हेगाराने माफी मागितली तर?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या ज्येष्ठ सभासदांचा हेतू चांगला आहे यात शंका नाही, पण गंगेला काय मिळाले, हे आधी पाहावे लागते. त्यासाठी सबंध बोस्निया न घेता द्रिना नदीकाठचे फोचा हे एकच गाव घेऊ. १९९१च्या जनगणनेनुसार फोचा तालुक्याची वस्ती सुमारे चाळीस हजार होती आणि त्यातले निम्म्याहून थोडे अधिक लोक मुस्लिम होते. एप्रिल १९९२ मध्ये सर्ब फौजांनी गावाचा ताबा घेतला, पुरुषांना तुरुंगात टाकले आणि बायका-मुलींना आधी शाळेत, मग ‘पार्तिझान’ नावाच्या क्रीडागृहात कोंडले. हे क्रीडागृह पोलीस ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर होते. सैनिक रात्री येत, नावे घेऊन किंवा बोटाने दाखवून मुलींना बाहेर काढत. त्यांतल्या बारा वर्षांच्या एका मुलीला २०० जर्मन मार्कांना विकण्यात आले. तिची आई पुढे या युद्धातील गुन्ह्यांसाठी नेमलेल्या हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात साक्षीला उभी राहिली. मुलगी मात्र त्यानंतर कोणाच्याही दृष्टीस पडली नाही.

याच खटल्यात २२ फेब्रुवारी २००१ रोजी कुनारात्स, कोवाच आणि वुकोविच या सर्ब फौजांतल्या तिघांना अनुक्रमे २८, २० आणि १२ वर्षांची शिक्षा झाली, आणि बलात्कार व लैंगिक गुलामगिरी हे मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरले. निकाल वाचताना न्यायमूर्ती फ्लॉरेन्स मुंबा यांनी आपल्या प्रश्नात आलेल्या ‘शस्त्र’ या शब्दाबद्दल एक सावध खुलासा केला होता. ‘युद्धाचे शस्त्र’ म्हटले की लढाईचा भाग म्हणून वरून बलात्काराचा हुकूम निघाला, असा अर्थ लोक घेतात. पुराव्यावरून दिसते ते असे की बलात्कार हे दहशतीचे साधन होते आणि ते कोणावर, केव्हा वापरायचे याची सैनिकांना पूर्ण मोकळीक होती. मला हे हुकमापेक्षाही भयंकर वाटते, कारण हुकूम निदान एका माणसाकडे बोट दाखवतो. मोकळीक देण्यात मात्र ठाण्यातल्या पोलिसापासून खिडकी लावून घेणाऱ्या शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांचा वाटा असतो.

शेजाऱ्याचा उल्लेख मी मुद्दाम केला. बोस्नियन भाषेत ‘कोमशिलुक’ असा एक शब्द आहे. आपल्या ‘शेजारधर्म’ या शब्दाच्या तो फार जवळ जातो. सणाला एकमेकांकडे ताट पोचवणे, अडीनडीला धावून जाणे, हे सगळे त्यात येते. या गुन्ह्याचा घाव त्या शेजारधर्मावरच होता. ज्या गावात आपल्याला ओढून नेताना ओळखीच्या लोकांनी पाहिले, त्या गावात कोणती बाई पुन्हा संसार मांडील? युद्ध संपले तेव्हा फोच्यात अवघे दहाएक मुस्लिम उरले होते, आणि गावाचे नावही मधल्या काळात बदलून ‘सर्बिन्ये’ करण्यात आले होते.

म्हणून आपल्या प्रश्नातील ‘समेट’ हा शब्दच मला अडचणीचा वाटतो. समेट दोन भांडणाऱ्या पक्षांत होतो. येथे भांडण नव्हते. त्या बाईने क्षमा करावी की करू नये, हा सर्वस्वी तिचा प्रश्न आहे आणि तिला तो कोणी विचारूही नये. उरतो तो गावाचा प्रश्न : येथे हे घडले, असे तुम्ही म्हणणार की नाही? २००४ मध्ये पीडित स्त्रियांची संघटना पार्तिझानच्या भिंतीवर स्मृतिफलक लावायला गेली, तेव्हा स्थानिक जमावाने त्यांना अडवले. हेगचा निकाल लागून तीन वर्षे झाली होती. म्हणजे न्यायालयाने मान्य केलेली गोष्ट गावाला मान्य नव्हती. पुढे वुकोविच मुदतीआधीच सुटला. एकत्र नांदण्याचा उपदेश अशा वेळी कोणाला करायचा?

माफीचे म्हणाल, तर बिल्याना प्लावशिच यांचे उदाहरण पाहा. बोस्नियन सर्बांच्या या माजी राष्ट्राध्यक्षांनी गुन्हा कबूल केला, पश्चात्तापाचे निवेदन केले, त्यांच्यावरील वंशसंहाराचा आरोप मागे घेतला गेला आणि २००३ मध्ये त्यांना ११ वर्षांची शिक्षा झाली. समेटाची पहाट झाली, असे तेव्हा अनेकांना वाटले. २००९ मध्ये तुरुंगातून दिलेल्या मुलाखतीत बाईंनी सांगितले की आपण काहीच चुकीचे केलेले नाही. त्याच वर्षी त्या सुटल्या.

तरीही सगळे ठप्प आहे असे नाही. युद्धानंतर बोस्नियाचे दोन मुख्य विभाग झाले, एक मुस्लिम व क्रोएट यांचा ‘संघराज्य’ विभाग आणि दुसरा सर्बांचा. संघराज्य विभागात २००६ पासून अत्याचारित स्त्रियांना ‘युद्धातील नागरी बळी’ हा कायदेशीर दर्जा व मासिक निर्वाहवेतन मिळू लागले. सर्ब विभागाला तसा कायदा करायला २०१८ उजाडले. बलात्कारातून जन्मलेल्या मुलांना संघराज्य विभागाने २०२३ मध्ये कायद्याने मान्यता दिली. ही मुले आता तिशीत आहेत, आणि त्यांची स्वतःची संघटना आहे. त्यांची एक तक्रार आपल्याला चटकन समजेल, कारण आपल्याकडेही मधले नाव बापाचे लावतात : शाळेपासून नोकरीपर्यंत प्रत्येक अर्जावर ‘वडिलांचे नाव’ असा रकाना असतो, आणि खिडकीपलीकडचा कारकून तो कोरा का, असे विचारतो. आपल्या अभ्यासमंडळाची पुढची चर्चा या रकान्यापासून सुरू करून पाहावी.