बाग गहाण टाकण्याआधी

प्रश्न : माझी मुलगी साडेपंधरा वर्षांची आहे. यंदा दहावीला 81 टक्के पडले. नऊ वर्षांची असल्यापासून टेनिस खेळते, राज्यात 16 वर्षांखालच्या गटात पहिल्या वीसात आहे. आमची रत्नागिरीजवळ हापूसची बाग आहे. कॉलेजला न घालता, बारावीला फॉर्म 17 (बाहेरून परीक्षेला बसायचा अर्ज) भरून तिला पूर्णवेळ टेनिसला लावायचं ठरवतोय. ती आणि पत्नी पुण्यात भाड्याने राहतील, धाकटा आजीजवळ राहील. त्यासाठी बागेवर कर्ज काढावं लागेल. दोन-तीन वर्षांत जागतिक रँकिंग आलं की बक्षिसांतून खर्च निघेल. हिशेब बरोबर आहे ना?
– एक वडील

उत्तर : तुमचं पत्र चार पानांचं आहे, वर फक्त गोषवारा दिला आहे. पण मी अडकले ती तिसऱ्या पानावर.

कोल्हापूरच्या स्पर्धेत ती तीन सेटमध्ये हरली, 14 डबल फॉल्ट झाले, म्हणजे लागोपाठ दोन्ही सर्व्हिस चुकून 14 गुण गेले. ते तुम्ही वहीत मांडून ठेवले होते. परत येताना आंबा घाट उतरल्यावर साखरप्याला पेट्रोल पंपावर तुम्ही गाडी थांबवलीत, तिला खाली उतरवलंत आणि पावसात, पंपाच्या शेडखाली, रॅकेट हातात देऊन 14 वेळा सर्व्हिसची कृती करायला लावलीत. ‘त्यानंतर घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही, पण तिला चूक समजली असावी,’ असं तुम्ही लिहिलं आहे. त्याच पानावर खाली एक ओळ आहे : सामन्याच्या दिवशी सकाळी तिला उलटी होते, पण मोठ्या खेळाडूंनाही होते असं ऐकलंय.

अहो, तिला काय समजलं असेल याचा विचार करा. पंपावर डिझेल भरायला आलेली माणसं बघत होती आणि ती पंधरा वर्षांची पोर आपली हार मोजून दाखवत होती. डबल फॉल्ट हा बहुतेक वेळा मनगटाचा दोष नसतो. पहिली सर्व्हिस चुकली की दुसरीच्या वेळी हात आखडतो, चेंडू टाकणारा डावा हात घाबरतो, आणि चेंडू जाळ्यात जातो. ती भीती कुठून येते, ते तुमच्याच पत्रात लिहिलेलं आहे. सामन्याच्या सकाळी अशी उलटी होत असेल तर तिला आधी डॉक्टरांना दाखवा, आणि ते म्हणाले तर समुपदेशकाकडे न्या. याला ‘टेन्शन चांगलं असतं’ म्हणून सोडून देऊ नका.

पत्रभर तुम्ही ‘आम्ही खेळलो’, ‘आम्ही हरलो’ असं लिहिलं आहे. तिला स्वतःला काय हवं आहे, याचं मात्र चार पानांत एकही वाक्य नाही. तुम्ही बागायतदार आहात. कल्टारचा (झाडाची वाढ रोखून मोहोर आणणाऱ्या औषधाचा) डोस वाढवून मोहोर लवकर आणला तर ते कलम पुढच्या वर्षांत कसं खचतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

आता हिशेब. रँकिंग आलं की खर्च निघतो, हा समज मुळातून चुकीचा आहे, म्हणून तो नीट सांगते. जागतिक रँकिंगची सुरुवात होते डब्ल्यू 15 या महिलांच्या सगळ्यात खालच्या पायरीच्या व्यावसायिक स्पर्धांपासून. 15 म्हणजे एकूण बक्षीस 15 हजार डॉलर, एकेरी-दुहेरीच्या सगळ्या मुलींत मिळून. स्पर्धा जिंकणारीला साधारण 2,350 डॉलर, मेन ड्रॉच्या (मुख्य स्पर्धेच्या) पहिल्या फेरीत हरणारीला दीडशेच्या आसपास, म्हणजे बारा-तेरा हजार रुपये, तेही कर कापायच्या आधी. आठवडाभराचं हॉटेल, दोघींचा प्रवास, जेवण, रॅकेटचं गटिंग (तारा बदलणं), सगळं त्यातच. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने 2013 सालच्या आकड्यांवरून हिशेब केला होता. महिलांमध्ये 253 व्या क्रमांकाच्या आसपास खेळाडूची तोंडमिळवणी होते, असं त्यात दिसलं. आणि कोचचा पगार त्या खर्चात धरलेलाच नव्हता. ग्रँड स्लॅम, म्हणजे टेनिसच्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धा, त्यांच्या क्वालिफाइंगला (पात्रता फेरीला) जागा मिळते तीही साधारण अडीचशेच्या आतल्या मुलींना. 2025 च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये क्वालिफाइंगची पहिलीच मॅच हरणारीला 35 हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. तेवढ्यासाठी डब्ल्यू 15 नऊ-दहा वेळा जिंकावी लागते. 240 वी आणि 400 वी यांच्या खेळात फरक थोडा असतो, पण एकीचं घर चालतं आणि दुसरीचं घर तिला चालवत असतं. आपली टेनिसपटू अंकिता रैना पुण्यात राहून वर्षानुवर्षं झिजली तेव्हा 2020 मध्ये एकेरीत 160 व्या क्रमांकापर्यंत पोचली. सानिया मिर्झा 2007 मध्ये 27 वी होती. एकेरीत पहिल्या शंभरात गेलेली ती एकटीच भारतीय महिला.

म्हणून 400 वी मुलगी अपयशी असते, असं मी मुळीच म्हणणार नाही. एकटीने बॅग उचलून अनोळखी गावी जायचं, सोमवारी हरायचं, मंगळवारी पुढच्या गावची बस शोधायची, आणि तरी सकाळी सहाला कोर्टवर हजर व्हायचं; मला अशा मुलींबद्दल फार आदर आहे. पण हे ज्याचं त्याने निवडायचं आयुष्य आहे. गहाण टाकलेली बाग पाठीवर घेऊन ते जगता येत नाही. आज 14 डबल फॉल्टचा हिशेब पंपावर होतो, उद्या प्रत्येक चुकलेल्या सर्व्हिसमध्ये तिला कर्जाचा हप्ता दिसेल.

कॉलेज सोडायची तर आत्ता काहीच गरज नाही. 18 पूर्ण होईपर्यंत मुलींनी वर्षाला किती व्यावसायिक स्पर्धा खेळायच्या यावर नियमानेच मर्यादा आहे. पूर्णवेळ म्हणून घरी बसवलंत तरी स्पर्धा वाढणार नाहीत. उलट एक दार बंद होईल. अमेरिकेतली विद्यापीठं चांगल्या टेनिसपटू मुलींना शिष्यवृत्ती देतात, कोच आणि सामने त्यांच्या खर्चाने मिळतात, पण ती नववी ते बारावीचे गुण तपासतात. आपली ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एममध्ये खेळून आली आणि 2023 मध्ये हांगझोऊच्या एशियाडमध्ये रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकली. आणि एकेरीतच अडकायला हवं असंही नाही. बार्शीची प्रार्थना ठोंबरे सानियाबरोबर दुहेरी खेळत 2014 च्या एशियाडमध्ये कांस्य आणि 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकपर्यंत गेली.

तेव्हा अकरावीला प्रवेश घ्या, शाखा तिला आवडेल ती. कोचिंगचे कोर्स, अंपायरिंग, फिजिओथेरपी, नोकरीतला खेळाडू कोटा हे सगळं बारावीनंतर बघता येईल. पावसाळ्यात रत्नागिरीत कोर्टवर पाणी असतं, तेव्हा पुण्यात चार आठवड्यांचं शिबिर करू दे. सगळं बिऱ्हाड हलवू नका; धाकट्यालाही आई लागते. पैशाचं म्हणाल तर यंदाच्या आंब्यातून जेवढे बाजूला निघतील तेवढेच टेनिससाठी ठेवा, आणि ते परत येणार नाहीत असं धरून चाला. पेट्या कमी गेल्या त्या वर्षी स्पर्धा कमी खेळेल. कर्जाचा कागद बँकेतून परत आणा.

पुढच्या स्पर्धेला तिच्याबरोबर आईला पाठवा. तुम्ही घरी थांबा आणि वहीही घरीच ठेवा. परत आल्यावर स्कोअर विचारू नका, तिने आपणहून सांगितला तर ऐका. ती जेवल्यावर, एखाद्या निवांत संध्याकाळी, तिला एवढंच विचारा : उद्यापासून टेनिस नाही म्हटलं तर तुला काय वाटेल? उत्तर यायला दोन दिवस लागले तरी मध्ये बोलू नका. ते उत्तर तिने स्वतः मला लिहून पाठवलं तर त्याला मी वेगळं उत्तर देईन, आणि ते पाकीट तिनेच फोडावं.