बांधकामाची धूळ अडवली तरी मुंबईवर धुरकं का राहतं?

तुम्ही विचारलंय, चेंबूरला समोरच्या साइटवर हिरवी जाळी लागली, रस्त्यावर पाणी मारायला टँकर येतो, तरी डिसेंबरात पलीकडची बिल्डिंग धूसर का? आणि घरात काही करता येईल का?

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे जरा लांबण लागेल.

जाळी आणि पाणी हवंच, पण ते जाड धुळीसाठी. धूसरपणा आणतात ते बारीक कण, आणि त्यातले बरेचसे कुठल्याच धुराड्यातून आलेले नसतात. हवेतच तयार होतात.

पेट्रोल भरताना टाकीच्या तोंडाशी हवा थरथरते ना, ती वाफ. तिच्यात टोल्युइन नावाचं, पटकन उडून जाणारं द्रव्य असतं. फर्निचर पॉलिशच्या वेळी जिनाभर पसरणाऱ्या थिनरच्या वासातही बहुतेकदा तेच. वास विरतो, टोल्युइन हवेतच राहतं. उन्हात ओझोन आणि पाण्याची वाफ यांपासून हायड्रॉक्सिल रॅडिकल बनतं, म्हणजे एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन यांची, कशालाही चटकन भिडणारी जोडी. ते सेकंदभरही टिकत नाही, पण तेवढ्यात टोल्युइनच्या रेणूतल्या कार्बनच्या कड्याला जाऊन चिकटतं. मग हवेतला ऑक्सिजन जोडला जातो, पुढे कडं फुटतं. रेणूवर एकेक हायड्रॉक्सिल गट वाढला की त्याचा बाष्पदाब, म्हणजे वाफ होऊन उडण्याचा कल, साधारण शंभरपट घटतो. असे दोन-तीन बदल झाले की त्याला वायुरूपात राहणं जमत नाही. काजळीचा किंवा मिठाचा एखादा कण गाठून तो त्यावर बसतो.

गाड्यांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड यात तेल ओततो. त्याचा नायट्रोजन डायऑक्साइड होतो, तो उन्हात फुटून ओझोन देतो, ओझोनमधून पुन्हा हायड्रॉक्सिल. ऊन, वाहनांच्या वाफा आणि हे ऑक्साइड मिळून ओझोन बनतो, हे लॉस एंजेलिसच्या धुरक्यावरून रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी 1950च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं. गडी मूळचा अननसाच्या स्वादावर काम करणारा!

मुंबईत भर पडते वाऱ्यांची. रात्री मतलई वारे हे सगळं समुद्रावर नेतात, दुपारी खारे वारे त्यातलं काही परत आणतात. हिवाळ्यात खारे वारे उशिरा सुटले की साचलेली हवा उन्हात शिजत राहते.

माझ्या मते जाळीइतकंच लक्ष पंपावरची वाफ परत टाकीत ओढण्याकडे आणि थिनरकडे द्यायला हवं.

घरात म्हणाल, तर दुपारी खिडक्या उघड्या असताना लिंबाच्या वासाच्या क्लीनरने लादी पुसू नका. त्यातलं लिमोनीन बाहेरून आलेल्या ओझोनशी भिडून असेच कण घरात बनवतं. सकाळी पुसा, तेव्हा ओझोन कमी असतो.