ग्राइंडिंग बाहेर द्यायचं का? आधी कुठला खर्च खरंच थांबतो ते बघा

प्रश्न थोडक्यात असा: भोसरीत गाळा, सहा माणसं, दोन सीएनसी टर्निंग मशीनं, एक सिलिंड्रिकल ग्राइंडर (गोल काम चाकावर घासून नेमक्या मापाला आणणारं मशीन). महिन्याला डोक्याच्या 6000 पिना, ईएन8 स्टीलच्या, व्यास 16 मिमी, एच6 (मापात किती फरक चालतो ते ठरवणारा दर्जा). इंडक्शन हार्डनिंग (विजेने तापवून पृष्ठभाग कडक करणं) आधीपासून बाहेरच होतं. ग्राइंडरचा ऑपरेटर महिनाअखेर सोडतोय. तळवड्याची पार्टी पिनेला 7 रुपये मागते आणि तुमच्या हिशोबात घरचं ग्राइंडिंग 8 रुपयांना पडतं, म्हणून ते बाहेर द्यायचा विचार आहे.

माझं मत: देऊ नका. तुमच्या 8 रुपयांतच चूक आहे.

8 रुपयांप्रमाणे महिन्याचे 48,000 होतात. तुम्ही दिलेल्या आकड्यांत गाळ्याच्या भाड्याचा वाटा 9,700 आणि मशीनचा घसारा (जुनं होत किंमत घटते तो खर्च) 8,000 आहे. काम बाहेर गेलं म्हणून मालक भाडं कमी करणार नाही, आणि मशीन विकत नाही तोवर घसाराही तसाच राहतो. हे 17,700 बाजूला काढा. खरंच थांबणारा खर्च उरतो तो एवढा: पगार 22,000, दिवाळी बोनसचा महिन्याचा हिस्सा 1,800, मेंटेनन्स 2,000, आणि वीज, व्हील (घासणारं चाक), डायमंड (चाकाला धार काढणारा), कूलंट मिळून 4,500. एकूण 30,300, म्हणजे पिनेला 5 रुपये 5 पैसे.

आता बाहेरचे 7 रुपये. आठवड्याला दोन फेऱ्या, टेम्पोचे फेरीला 600 धरले तर पिनेला 80 पैसे. परत आलेला माल तपासायला 40 पैसे. ग्राइंडिंगला येईपर्यंत एका पिनेत 60 रुपये गेलेले असतात, त्यामुळे रिजेक्शन नुसतं दीड टक्क्याने वाढलं तरी 90 पैसे. झाले 9 रुपये 10 पैसे. शिवाय रोजच्या 240 पिना धरल्या आणि जाण्यायेण्यात चार दिवस गेले, तर 57,600 रुपयांचा माल कायम दुसऱ्याच्या दारात पडून राहणार.

म्हणून नवीन ऑपरेटरला 26,000 द्यावे लागले तरी द्या. तेव्हाही घरचा खर्च 34,300 आणि बाहेरचा 54,600. उत्तर उलटतं ते पिना कमी झाल्यावर. पगार आणि मेंटेनन्स पिना कितीही असोत, द्यावाच लागतो, त्यामुळे आजच्या पगाराला साधारण 3100 पिनांच्या खाली आणि 26,000 ला 3600 च्या खाली बाहेरचं काम स्वस्त पडतं. तुमचं शेड्यूल सहा महिन्यांत एवढं खाली आलं होतं का, ते आधी बघा. दुसरी अट जागेची: ग्राइंडर काढून तिथे तिसरं सीएनसी बसणार असेल आणि त्याला हातात ऑर्डर असेल, तर बाहेर देण्याचा महिन्याचा 20,300 चा तोटा त्या मशीनच्या कमाईतून वजा करून ठरवा. ऑर्डर नुसती बोलण्यात असेल तर ती धरू नका.

पिना सरळ असत्या तर मी वेगळं सांगितलं असतं. सेंटरलेस ग्राइंडरवर थ्रू-फीडने, म्हणजे दोन चाकांमधून आरपार जाऊन, सरळ पिना एकामागून एक निघतात आणि तुमचा सिलिंड्रिकल ग्राइंडर त्या वेगाला पुरा पडत नाही. डोक्यामुळे तुमची पिन आरपार जाऊ शकत नाही, त्यामुळे बाहेरच्या माणसालाही ती एकेक करूनच घ्यावी लागते. म्हणजे तुमच्याकडे नाही असं त्याच्याकडे काही नाही.

पैशापेक्षा मला दुसऱ्या गोष्टीची जास्त काळजी वाटते. हार्डनिंग बाहेर आणि लगेच पुढचं ग्राइंडिंगही बाहेर, असं झालं की दोष कुणाचा हे कधीच ठरत नाही. तुम्ही ग्राइंडिंगसाठी व्यासावर 0.3 मिमी मटेरियल ठेवता. हार्डनिंगमध्ये पिन वाकली आणि रनआउट (फिरवताना दिसणारा वाकडेपणा) 0.3 च्या जवळ गेला, तर ग्राइंडिंगनंतर एका बाजूला न घासलेला काळा पट्टा राहतो. ग्राइंडिंगवाला म्हणतो पिन वाकडी आली, हार्डनिंगवाला म्हणतो टर्निंगमध्येच सेंटर (टोकांवरचं आधाराचं भोक) चुकलं. पिन भंगारात जाते आणि 60 रुपये तुमचे. दोन बाहेरच्या कामांच्या मध्ये तुमची एक तपासणी हवीच. आजही ती सुरू करा: हार्डनिंगहून आलेल्या प्रत्येक क्रेटमधल्या दहा पिना दोन सेंटरमध्ये धरून डायल लावा, एकही पिन 0.15 मिमी रनआउटच्या वर गेली तर तो क्रेट तिथेच थांबवा. सेंटरच्या भोकात खपली अडकलेली असते, ती साफ न करता पिन लावली तर गोलाई बिघडते आणि मायक्रोमीटरला ते दरवेळी कळतही नाही.

नगावर काम करणाऱ्याकडे व्हील वेळेवर ड्रेस होत नाही, म्हणजे डायमंडने त्याला धार काढली जात नाही, कारण ड्रेसिंगच्या वेळेचे त्याला पैसे मिळत नाहीत. गुळगुळीत झालेलं व्हील कापण्याऐवजी घासतं आणि पिन जळते. तपकिरी छटा दिसली तर निदान कळतं. पण शेवटच्या हलक्या पासमध्ये रंग निघून जातो आणि खालचा मऊ झालेला थर तसाच राहतो. लॉटमधल्या एका पिनेवर नायटल (नायट्रिक ॲसिड आणि अल्कोहोलचं द्रावण) लावलं की जळलेली जागा काळपट उठते. ही तपासणी बाहेरून येणाऱ्या प्रत्येक लॉटला लागेल, आणि वरच्या 40 पैशांत ती धरलेली नाही.

तरीही ऑपरेटर मिळेपर्यंत महिनाभर बाहेर द्यावं लागलंच, तर सगळा माल एकदम पाठवू नका. आधी 300 पिना द्या. 16.000 ते 15.989 एवढीच मोकळीक आहे, त्यामुळे दोन्ही टोकं आणि मध्य अशा तीन जागी माप घ्या. टेपर (एका टोकाकडे व्यास कमी होत जाणं) तिथेच सापडतो. तुमच्याकडे पास झालेली एक पिन आणि तुमचाच गो-नो गो स्नॅप गेज (पिन मापात आहे की नाही एवढंच सांगणारं साधन) त्यांना द्या, म्हणजे मापावरून वाद होणार नाही. पिना गोणीत भरून आल्या तर एकमेकींवर आपटून टोचा पडतो आणि टोच्याची कड 16 च्या वर येते. ट्रेमध्ये उभ्या, तेल लावून आणायला सांगा, पावसाळ्यात तर बोटाच्या ठशावरही गंज धरतो.

कागदाचं थोडक्यात. प्रत्येक फेरीला डिलिव्हरी चलन करा, त्यावर नग आणि वजन दोन्ही लिहा. जॉबवर्कला (बाहेर करून घ्यायच्या कामाला) गेलेला माल एक वर्षात परत यायला हवा, नाहीतर जीएसटीत तो विक्री धरला जातो. पार्टीचं उद्यम रजिस्ट्रेशन सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं असेल तर लेखी करार असल्यास त्यातल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसल्यास 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात. मुदत उलटून बिल 31 मार्चला थकलेलं राहिलं, तर त्या वर्षी तो खर्च आयकरात धरता येत नाही.

आणि जाणारा ऑपरेटर अजून गाळ्यात आहे तोवर त्याच्याकडून या गोष्टी लिहून घ्या: व्हीलचा ग्रेड, किती पिनांनी ड्रेस करतो, रफ आणि फिनिश पासचा फीड, कूलंटचं प्रमाण. तुमच्या टर्निंगच्या पोरांपैकी एकाला शेवटचे दहा दिवस त्याच्या शेजारी उभं करा.