डिसेंबर मांडवीत : बोटीवर राहायचं म्हणणाऱ्यांच्या पत्रांना उत्तरं

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की आम्ही दोघं, मी बँकेतून रिटायर आणि आमचे हे खनिजाच्या बार्जवर इंजिन सांभाळून रिटायर, गेले सहा हिवाळे गोव्याच्या मांडवी नदीत एका तीस फुटी सेकंडहँड बोटीवर काढतोय, दिवाळी झाली की चढायचं आणि शिगम्याच्या आधी उतरून घरी यायचं. त्यावर खूप पत्रं आली. सगळ्यांना उत्तर देणं इथे जमणार नाही, पण यातली चार पत्रं अशी आहेत की त्यात बाकीच्यांचे प्रश्नही येऊन जातात.

प्रश्न : मी ६२, बायको ५९, मडगावला फ्लॅट आहे, मुलं बाहेर. २०१७ मध्ये वेऱ्याहून नौदलाची शिडाची बोट तारिणी निघाली ते टीव्हीवर बघितलं तेव्हापासून हे माझ्या डोक्यात आहे. आता फंडाचे पैसे हातात आलेत. शिडाची बोट घ्यावी की इंजिनाची, किती फुटी घ्यावी, आणि मालवणपर्यंत जाता येईल का?
*– एक वाचक, मडगाव*

उत्तर : दादा, तारिणी मनात बसली हे मला समजतं, ती आणि तिच्या आधीची म्हादेई दोन्ही आपल्या दिवाडी बेटावर बांधल्या गेल्या, तारिणीवरून सहा जणी पृथ्वीला फेरी मारून मे २०१८ मध्ये परत आल्या, आणि गोव्यात राहणाऱ्या माणसाला त्याचा अभिमान वाटणारच. पण फंडाचे पैसे आत्ता बोटीत घालू नका हो. आधी कुणाची तरी बोट भाड्याने घ्या, आठ दिवस फक्त तुम्ही दोघं राहा, आणि ते आठ दिवस अमावस्येच्या किंवा पौर्णिमेच्या आसपासचे धरा म्हणजे उधाणाची भरती-ओहोटी काय असते ते बघायला मिळेल, भांगाच्या म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत नदी शांत असते आणि माणसाला वाटतं की सगळं सोपंच आहे.

साइजचं विचाराल तर दोन माणसांना तीस फूट पुष्कळ झाले. मोठी बोट म्हणजे मोठा नांगर, जड साखळी, आणि ती ओढायला मनगट आपलं साठीतलंच. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे बोट पाण्याखाली किती बुडते ते बघा. मांडवीच्या कडेला सगळा चिखल आहे, खाजनांच्या (नदीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतजमिनींच्या) बांधांजवळ आणि कांदळवनाजवळ तर फारच. ओहोटीला रुतलात तर फार बिघडत नाही, सहा-सात तासांत पाणी परत येतं आणि उचलतं. पण उधाणाच्या अगदी भर भरतीला कडेला जाऊन रुतलात तर तेवढं पाणी परत यायला पुढचं उधाण लागतं, म्हणजे जवळजवळ पंधरा दिवस बोट चिखलात आणि तुम्ही आत तिरके. म्हणून चढत्या पाण्यातच नवीन जागा शोधायची, उतरत्या पाण्यात नाही. जुने खलाशी तिथीला पाऊणने गुणून भरतीची ढोबळ वेळ काढतात, अष्टमी असेल तर सहाच्या सुमाराला, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास, आणि रोज साधारण ५० मिनिटं पुढे. अंदाजाला हे छान आहे पण पक्की वेळ टाइड टेबलातूनच बघा.

शीड की इंजिन? शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो ना, ते इथे रोज समोर दिसतात. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे हलका मतलई वारा असतो, दुपारनंतर समुद्राकडून वायव्येचा खारा वारा जोर धरतो आणि संध्याकाळी उतरतो. म्हणजे शिडाला वारा आहे, पण नदीत प्रवाह, बार्ज, फेरीबोटी, पूल हे सगळं असताना विश्वासाचं डिझेल इंजिन पाहिजेच. शीड वरचं सुख. आणि डोलकाठी असेल तर पुलाखालून जायच्या आधी तिची उंची मोजून घ्या, तीसुद्धा भरतीचं पाणी धरून.

मालवण मांडवीच्या मुखावरच्या आग्वादहून उत्तरेला साधारण ३५ ते ४० सागरी मैल आहे. उत्तरेला जायचं म्हणजे दुपारनंतर वारा तोंडावर, म्हणून पहाटे अंधारात मतलईवर निघायचं आणि दुपारी लाटा उठायच्या आत जितकं होईल तितकं अंतर कापायचं. पण पहिल्या वर्षी नको. मांडवी, झुआरी आणि दोघींना जोडणारा कुंभारजुवे कालवा, एवढ्यात एक हिवाळा कसा जातो कळत नाही.

प्रश्न : ताई, माझ्या मिस्टरांनी बोट बघून ठेवलीय, मला फक्त सांगितलंय की नोव्हेंबरपासून तिथे राहायचं. मला पोहता येत नाही. ते म्हणतात तू स्वयंपाक बघ, बाकी सगळं मी बघतो. मला भीती वाटते असं म्हटलं की ते हसतात. मी काय करू?
*– म्हापशाहून, नाव नको*

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण पहिल्या वर्षी आमच्याकडेही अगदी हेच वाक्य होतं, बाकी सगळं मी बघतो.

दुसऱ्या हिवाळ्यात जानेवारीतल्या एका पहाटे आम्ही दिवाडीच्या बाजूला नांगर टाकून होतो, डेकवर रात्रभर दव पडलेलं, हे पुढे गेले आणि पाय सरकला, घोटा मोडला. हे डेकवर आडवे, वेदनेने बोलता येईना, आणि मला इंजिन चालू करता येत नव्हतं, नांगर कसा काढायचा माहीत नव्हतं, रेडिओचं बटण कुठलं दाबायचं ते माहीत नव्हतं, आणि मोबाईलवर मदत मागितली असती तर आपण नक्की कुठे आहोत हेही मला सांगता आलं नसतं. दोन वर्षं मी त्या बोटीवर राहत होते आणि मला डाळीचा डबा कुठे आहे एवढंच माहीत होतं. होडीतून जाळी काढायला आलेल्या दोघा भावांनी माझा आवाज ऐकला, त्यांनी यांना रायबंदरला नेलं आणि तिथून १०८ च्या अँब्युलन्सने बांबोळीच्या हॉस्पिटलात. ते दोघे त्या वेळी तिथे होते म्हणून.

तेव्हापासून आमच्याकडे मंगळवार माझा. मंगळवारी हे हात बांधून बसतात, एक शब्द बोलायचा नाही, आणि मी बोट एकटी चालवते. सकाळी इंजिनाचं तेल बघायचं, चालू केल्यावर मागच्या पाइपातून थंड करणारं पाणी बाहेर पडतंय का ते बघायचं, पडत नसेल तर लगेच बंद, नाहीतर इंजिन जळतं. मग नांगर काढायचा, थोडं वर जायचं, परत टाकायचा. साखळी किती सोडायची याचा हिशोब तुम्हाला आत्ताच सांगते, तो पोळीच्या पिठाइतका सोपा आहे : ओहोटीला खाली तीन मीटर पाणी असेल, वर भरतीचे दोन मीटर धरा, बोटीचं नाक पाण्यावर एक मीटर, झाले सहा, त्याच्या कमीत कमी पाचपट म्हणजे तीस मीटर, वारा वाढणार असेल तर सातपट. आणि दर सहा तासांनी प्रवाह उलटला की बोट नांगराभोवती पूर्ण फिरते, तेव्हा त्या फेऱ्यात दुसरी होडी, जाळ्यांचे रोवलेले खांब, बार्जची वाट, काही यायला नको. बार्ज खूप जड असते, तिला अचानक थांबता येत नाही, तिच्या वाटेतून आपणच बाजूला राहायचं.

रेडिओ पण तुमच्या हातात पाहिजे. व्हीएचएफवर चॅनेल १६, आणि मोबाईलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४. रोज रात्री झोपायच्या आधी आम्ही आपली जागा कागदावर लिहून रेडिओजवळ चिकटवतो, जवळचं गाव, कुठल्या काठाला, आणि अक्षांश-रेखांश, म्हणजे घाबरलेल्या माणसाला नुसतं वाचायचं असतं.

पोहण्याचं. शिका, पणजीत कांपालला तरणतलाव आहे, साठीत शिकलेल्या बायका मी बघितल्यात. पण खरं सांगू का, नदीत पोहता येणं हा अर्धाच उपाय आहे. ओहोटीच्या प्रवाहात चांगल्या पोहणाऱ्यालाही बोटीपर्यंत परत येता येत नाही, आणि कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, तिथे तर कुणीच पाण्यात उतरायचं नाही. म्हणून डेकवर आलं की लाइफ जॅकेट, रात्री बाथरूमला बाहेर यायचं असलं तरी, आणि तुमच्या मिस्टरांनीसुद्धा. आणि त्यांना हा एक प्रश्न विचारा, शांतपणे विचारा : तुम्ही पाण्यात पडलात तर मी तुम्हाला वर कशी काढू? ऐंशी किलोचा भिजलेला माणूस बायकोच्या हातांनी वर येत नाही. आमच्या बोटीला मागे कायमची शिडी आहे जी पाण्यातूनही खाली ओढता येते, आणि एक कप्पीचा दोर आहे ज्याने मी यांना उचलू शकते, आम्ही दर नोव्हेंबरला करून बघतो. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये म्हादेईवरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, छप्पन फुटी बोट आणि एक माणूस. आपल्याला पृथ्वी फिरायची नाही, आपल्याला फक्त दिवाडीहून रायबंदरच्या धक्क्याला एकटीने येता आलं पाहिजे, तेवढं येईपर्यंत तुम्ही बोटीवर राहायला जाऊ नका असं मी तुम्हाला सांगते, आणि हे पत्र त्यांना वाचायला द्या. ते हसत असतील तर त्यांना त्यातलं काही माहीत नाही म्हणून हसतात. दोघांनी मिळून शिकलात तर मला वाटतं तुम्हालाच ते जास्त आवडेल, सकाळी धुकं वर जाताना चोडणच्या बाजूने पक्ष्यांचे थवे उठतात, आणि तेव्हा सुकाणू आपल्या हातात असतं.

प्रश्न : पाणी किती पुरतं? गॅस चालतो का? संडासाचं काय करता? आणि परवानगी कुणाची लागते?
*– फोंड्याचे एक निवृत्त शिक्षक*

उत्तर : आमची टाकी ३०० लिटरची आहे, दोघांना मिळून रोज तीस लिटर धरले तर दहा दिवस, पण भांडी आधी नदीच्या पाण्याने घासून मग गोड्या पाण्याने विसळली तरच. हे फक्त खाली मुखाकडे, जिथे पाणी स्वच्छ खेळतं तिथे, गावाच्या नाल्यांजवळ नाही.

गॅस चालतो पण सर, याबाबतीत मी कडक आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, बोटीतून तो आपोआप बाहेर जात नाही, तळाशी जाऊन बसतो आणि इंजिनाची एक ठिणगी पुरते. सिलिंडर बाहेर डेकवर, खालून हवा बाहेर जाईल अशा पेटीत, आणि काम झालं की दर वेळी सिलिंडरवरचा कॉक बंद. दारं-खिडक्या लावून आत शेगडी पेटवून ऊब घेणं अजिबात नको, जनरेटरचा धूरही आत यायला नको, वास न येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने माणसं झोपेतच जातात.

दिवे, पंखा, छोटा फ्रिज सोलरवर चालतो. साधी बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणजे १२ व्होल्टच्या २०० अँपिअर-अवरपैकी शंभरच आपले, त्यात फ्रिज दिवसाला चाळीस-पन्नास खातो, त्यामुळे टीव्ही आम्ही ठेवलाच नाही.

संडासाची बंद टाकी पाहिजे, नदीत सोडायचं नाही. या नदीच्या चिखलातल्या तिसऱ्या आणि खुबे (शिंपल्या) लोक खातात, खाजनांत हेच पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, आत घेतात. जी माणसं आपल्याला सकाळी होडीतून सुंगटं (कोळंबी) देऊन जातात त्यांच्या पाण्यात आपण घाण सोडायची हे मला सहन होत नाही, यावर मी भांडलेली आहे आणि पुढेही भांडेन.

परवानगीसाठी पणजीच्या कॅप्टन ऑफ पोर्ट्स ऑफिसात जा. २०२१ चा अंतर्देशीय जलयानांचा कायदा आहे, त्यात नोंदणी, सर्व्हे, विमा, चालवणाऱ्याचं सर्टिफिकेट सगळं येतं. नदीतले कागद वेगळे आणि समुद्रात जायचे वेगळे, बोट विकणारा 'सगळं आहे' म्हणेल, तुम्ही मूळ कागद हातात घेऊन तारखा वाचा. दाबोळी-मुरगावच्या बाजूला नौदलाच्या आणि बंदराच्या हद्दी आहेत, तिथे विचारल्याशिवाय नांगर टाकू नका.

प्रश्न : मी ७१, हे ७४. तुमच्यासारखेच आम्ही चार वर्षं शापोरा नदीत बोटीवर राहिलो. मुलगा म्हणतो आता बास. कधी थांबायचं हे कसं ठरवायचं?
*– शिवोलीहून*

उत्तर : काकू, मुलाची काळजी खरी आहे आणि तुमची इच्छाही खरी आहे, म्हणून दोघांनाही मोजता येईल असं काहीतरी ठरवा. आमचं असं ठरलंय की दर नोव्हेंबरला, चढायच्या आधी, दोघांनी वेगवेगळं, दुसऱ्याच्या मदतीशिवाय, छोट्या होडीतून शिडीने बोटीवर चढून दाखवायचं, भिजलेल्या कपड्यांत, लाइफ जॅकेट घालून, ओहोटीला. मग एकट्याने नांगर काढायचा. दोघांपैकी एकालाही जमलं नाही तर त्या वर्षी बोट धक्क्यालाच राहील, दिवसा जाऊन बसायचं, चहा करायचा, संध्याकाळी घरी. बीपीच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, त्यातल्या काही गोळ्यांनी आपल्या वयात फार झोप येते आणि तोल जातो, आणि बोटीवर तोल जाणं म्हणजे काय ते मी वर लिहिलंच आहे.

हे वाटतं तितकं कठोर नाही. या वर्षी यांना शिडीच्या मधल्या पायरीवर थांबून श्वास घ्यावा लागला, मोडलेला घोटा अजून बोलतो. मी खाली होडीत दोर धरून उभी होते आणि हात पुढे करायचा नाही असं ठरलेलं, म्हणून केला नाही. मग ते वर गेले, मी गेले, मी नांगर काढला, आणि आम्ही भरतीबरोबर दिवाडीकडे निघालो.