हवेत गोळीबार आणि एक मोठ्ठी बोंब

प्रश्न : मित्राने डोकं खाल्लं म्हणून 'हॉट फझ' बघितला. हसलो खूप, पण अर्ध्यावर कळेना की हे पोलिसपटांची खिल्ली उडवतायत की खरंच पोलिसपट बनवतायत? याला होमेज, म्हणजे जुन्या सिनेमांना मानवंदना, म्हणतात म्हणे. कॉपी मारायची आणि वर होमेज म्हणायचं, असंच ना?

उत्तर : होमेजच्या नावाखाली बरंच काही खपवलं जातं, तुमचा राग समजू शकतो. पण या सिनेमावर काढू नका.

तुम्ही बघितलाय म्हणून स्पॉयलरची पर्वा न करता लिहितो. डॅनी आठवतोय ना, निक फ्रॉस्टने केलेला? झोपाळू इंग्लिश गावातला पोलिस, अख्खी पोलिसगिरी डीव्हीडीवर शिकलेला, आणि त्याच्या गळ्यात पडलेला सार्जंट एंजल, म्हणजे लंडनमध्ये इतकं काम करणारा माणूस की बाकीचे आळशी दिसायला लागले म्हणून वरिष्ठांनीच त्याला इथे ढकललं. डॅनी त्याला सारखा विचारत असतो, उडी मारता मारता दोन बंदुका चालवल्यायस का, हवेत गोळ्या झाडत बोंब ठोकलीयस का. एंजलचं उत्तर प्रत्येक वेळी नाही, आणि आपण हसतो. आता ती हवेतली गोळी 1991 च्या 'पॉइंट ब्रेक'मधली आहे. तिथे पोलिस झालेला कीआनू रीव्ह्ज गुडघा धरून पडलाय, समोरून त्याचा मित्र झालेला दरोडेखोर पॅट्रिक स्वेझी पळतोय, नेम बरोबर लागलाय पण आपल्याच माणसावर चाप ओढवत नाही, मग सगळ्या गोळ्या आभाळात. डॅनी आणि एंजल तो सिनेमा सोफ्यावर बसून बघतात पण. आणि शेवटाकडे डॅनीसमोर कोण असतं? त्याचा बाप. बंदूक रोखलेली, चाप ओढवत नाही, आणि पोरगं हवेत गोळ्या झाडत ओरडतं. तासाभरापूर्वीचा जोक तोच आहे, फक्त आता हसायला येतं आणि घशात काहीतरी अडकतं पण. कॉपी मारणाऱ्याने तो शॉट उचलला असता आणि पुढे गेला असता, इथे तो शॉट डॅनीच्या वाट्याला येईपर्यंत थांबलेत.

आणि मजा बघा, ब्रिटनमधला साधा पोलिस बंदूक बाळगतच नाही. म्हणजे ज्या सिनेमाप्रकाराचा जीव बंदुकीत तो अशा गावात आणलाय जिथे पोलिसांना पळालेला हंस पकडायचं काम. मग अॅक्शन कुठे दाखवणार? फॉर्म भरण्यात! पेन टक, कागद सर्र, शिक्का धाड, चार-पाच कट आणि संपलं, जणू काही मशीनगनच लोड केली. मला तरी शेवटच्या धुमश्चक्रीपेक्षा हे जास्त आवडतं.

दिग्दर्शक एडगर राइट इंग्लंडमधल्या ज्या वेल्स गावात (वेल्स देश नव्हे) वाढला तिथेच हे शूट केलंय (खेडं वाटावं म्हणून तिथलं मोठं कॅथेड्रल कॉम्प्युटरवर पुसून टाकलं), आणि विशीच्या आत असतानाच त्याने तिथे एक हौशी पोलिसपट पण काढला होता. टिंगल करायला कोणी इतका जीव लावत नाही हो.

प्रश्न : दोन पोलिस एकत्र दिसले की बडी-कॉप, म्हणजे पोलिस-जोडीचा सिनेमा, झाला का?

उत्तर : नाही, दोघांचं पटता कामा नये, निदान पहिला अर्धा तास तरी. जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा 1949 चा 'स्ट्रे डॉग' बघा, नवख्या पोलिसाचं पिस्तूल गर्दीच्या बसमध्ये मारलं जातं आणि जोडीला येतो एक शांत, मुरलेला सीनियर. एक जळतोय, दुसरा घाम पुसतोय. पुढे 1987 च्या 'लीथल वेपन'ने याचा साचाच करून टाकला, एक जिवावर उदार, दुसरा पन्नाशीला टेकलेला बायकापोरांचा माणूस. केस निमित्ताला असते, आपण थांबतो ते ही भांडणं मिटतात कशी ते बघायला.

प्रश्न : 'हॉट फझ' बघण्याआधी बाकीचे जुने सिनेमे बघायलाच हवेत का? आणि पोरांबरोबर बघता येईल?

उत्तर : 'पॉइंट ब्रेक' बघून घ्या, बाकी नाही बघितले तरी अडत नाही. जमलं तर 1973 चा 'द विकर मॅन', कारण त्यात अख्खं बेट ज्या पोलिसाला खेळवतं तो एडवर्ड वुडवर्ड इथे म्हातारा होऊन चक्क गावकऱ्यांच्या बाजूला बसलाय! हे लक्षात आल्यावर मी सिनेमा पॉज करून एकटाच हसत होतो.

पोरांचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये याला 15 चं सर्टिफिकेट आहे, म्हणजे पंधराच्या खालच्यांसाठी नाही, आणि ते उगाच नाही. चर्चवरून दगड निसटून एकाच्या डोक्यावर पडतो तेव्हा कॅमेरा जरासुद्धा दुसरीकडे बघत नाही. बारकी झोपली की लावा.