निष्कर्ष वाचताना दुसरा आकडा आधी पाहा

आरोग्य आणि वर्तनविज्ञानातील शोधनिबंध वाचायला तुम्ही नुकतीच सुरुवात केली आहे, म्हणून आपल्या गोव्यातलेच उदाहरण देतो. येथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेल्या आणि 2017 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, डॉक्टर नसलेल्या परंतु प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांची मदत मिळालेल्या नैराश्यग्रस्त रुग्णांपैकी 64 टक्के तीन महिन्यांनी सावरले, तर केवळ सुधारित नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होते. बातमीत बहुधा पहिलाच आकडा येतो (त्यात एकट्या वार्ताहराचा दोष नसतो), तुम्ही मात्र दुसऱ्यावर बोट ठेवा. समुपदेशनाशिवाय सावरणारेही थोडेथोडके नव्हते, आणि खरा फरक शंभरात पंचवीस जणांचा आहे.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, घातक मद्यपान करणाऱ्या पुरुषांवरील गोव्यातीलच चाचणीत सावरलेल्यांचे प्रमाण समुपदेशन मिळालेल्यांत 36 आणि न मिळालेल्यांत 26 टक्के असे निघाले. तरीही जे पीत राहिले, त्यांच्या रोजच्या सरासरी मद्यमात्रेत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. माझ्या मते निबंधातले सर्वांत मोलाचे वाक्य हेच. शिवाय सहभागी सगळे पुरुष होते, तेव्हा हा निष्कर्ष स्त्रियांना परस्पर लावू नका.